मुठीतील विद्युत् आणि चाकांवरील यंत्र



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला पदार्थविज्ञान शिकविले ते प्रयोगाच्या टेबलापाशी उभे करून. प्रयोगवही तपासताना "उत्तर काय आले?" असे ते क्वचितच विचारीत. "सुई किती हलली, आणि का हलली?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. आजच्या माझ्या विषयाचा आरंभही एका सुईच्या हलण्यापासूनच होतो. तेव्हा या व्यासपीठावर तो परका वाटणार नाही, अशी आशा आहे.

विषय असा : माणसाने मूठ आवळली की कोपर ते मनगट या भागातील स्नायूंत अत्यल्प विद्युत् निर्माण होते. त्या विद्युतेच्या संकेतावर चाकांचे एक लहानसे यंत्र चालवावयाचे, आणि ते सारे यंत्र शाळकरी मुलांनी स्वतः बांधावयाचे. गेली काही वर्षे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलामुलींबरोबर मी हा उद्योग करीत आलो आहे. अभियांत्रिकीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या माणसाला सुट्टी आणि कामाचे दिवस यांत फारसा भेद उरत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. आपल्या शाळेने यंत्रमानवांसाठी स्वतंत्र कक्ष उभारण्याचे ठरविले असून माजी विद्यार्थ्यांकडे निधीची मागणी केली आहे. वडोदऱ्यातील विक्रेत्यांची रंगीत किंमतपत्रके कार्यालयात येऊन पडली आहेत. त्या पैशांतून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे आपणांस लवकरच ठरवावे लागेल. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो : बंद डब्यातले तयार यंत्र विकत घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एक तरी यंत्र पायापासून बांधू द्यावे, आणि ते या जातीचे असावे.

प्राण्याच्या अंगी विद्युत् आहे ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी याने बेडकाच्या पायावर प्रयोग करून मांडली. त्याचा ग्रंथ १७९१ सालचा. पाव्हियाच्या अलेस्सांद्रो व्होल्टाला ते पटले नाही. बेडकाचा पाय उडतो तो दोन भिन्न धातूंच्या स्पर्शामुळे, बेडूक हा केवळ साक्षीदार, असे त्याचे म्हणणे. आणि ते सिद्ध करता करता १८०० साली त्याने जगातील पहिली विद्युत्‌घटमाला निर्माण केली. या वादात दोघांचेही काही खरे होते. विज्ञानाच्या इतिहासात असे सुफल भांडण विरळाच.

माणसाच्या स्नायूपर्यंत हा प्रश्न नेला तो बर्लिनच्या एमील द्यु ब्वा-रेमाँ याने. त्याच्या काळी विवर्धक नव्हता. होता तो फक्त गॅल्व्हानोमीटर. म्हणून त्याने स्वतः तारेचे चोवीस हजारांहून अधिक वेढे गुंडाळून अतिसंवेदनक्षम उपकरण तयार केले. दोन हात मिठाच्या पाण्याच्या दोन भांड्यांत बुडवून एका हाताचे स्नायू आवळले की सुई किंचित हले. हे १८४९ च्या सुमारास. त्वचेचा रोध फार मोठा असल्याने संकेत अडतो हे ओळखून त्याने हातावर मुद्दाम फोड आणवून तेवढी त्वचा काढून टाकली आणि पुन्हा प्रयोग केला. सुई पूर्वीहून पुष्कळच अधिक हलली. आजच्या विद्यार्थ्याला हे करावे लागत नाही. स्पिरिटने पुसलेली त्वचा आणि हृदयालेखासाठी मिळणारी चिकट चकती एवढ्याने भागते. पण कातडी पुसण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलाला मी ही हकीकत आवर्जून सांगतो.

आता स्नायूत प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मूठ आवळावी ही आज्ञा मेंदूतून मज्जारज्जूपर्यंत येते. तेथील एकेका प्रेरक चेतापेशीचा तंतू स्नायूपर्यंत जाऊन अनेक शाखांनी अनेक स्नायुतंतूंना जोडलेला असतो. एक चेतापेशी आणि तिच्या आज्ञेतील सारे स्नायुतंतू मिळून एक प्रेरक एकक होते. डोळा फिरविणाऱ्या नाजूक स्नायूत अशा एककात दहाच्या आसपास तंतू, तर पोटरीच्या दणकट स्नायूत हजारांहून अधिक. आज्ञा पोहोचली की तंतूच्या पटलावर विद्युत्‌विभवाची एक लाट उठते आणि सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने तंतूच्या दोन्ही टोकांकडे धावते. पेशीच्या आतबाहेर मोजल्यास ही उलथापालथ शंभर मिलिव्होल्टच्या घरातील. पण मांस, मेद आणि त्वचा ओलांडून ती पृष्ठभागावर येईतो तिचे फार तर एक-दोन मिलिव्होल्ट उरतात, आणि सौम्य आकुंचनात तर काही मायक्रोव्होल्टच.

शिवाय आपल्याला एक लाट ऐकू येत नाही. अनेक एककांचा एकत्र कोलाहल ऐकू येतो. मूठ हळूहळू आवळत नेली तर आधी लहान एकके कामास लागतात, मागाहून मोठी, आणि जी लागली ती अधिकाधिक वेळा उद्दीपित होतात. म्हणून जोर वाढला की कोलाहल वाढतो. जत्रेत लांबून एकाचा शब्द कळत नाही, पण गर्दी वाढली की कमी झाली हे निश्चित कळते; तसेच हे. आपले यंत्र शब्द ओळखत नाही, फक्त गर्दीचा अंदाज घेते. आणखी एक मौज अशी की हा विद्युत्‌संकेत स्नायूत प्रत्यक्ष जोर येण्यापूर्वी सेकंदाच्या काही शतांश भाग आधी उमटतो. बोट हलण्याच्या आधी तारेला ते कळलेले असते. हे पडद्यावर पाहिले की वर्गात क्षणभर शांतता पसरते.

येथून खरे अभियांत्रिकीचे काम सुरू होते, आणि माझ्या मते शिक्षणाचे सारे सत्त्व येथेच आहे. ज्या खोलीत आपण बसलो आहोत तिच्या भिंतींतून ५० हर्ट्‌झचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो. आपले शरीर एखाद्या आकाशतारेसारखे तो टिपून घेते; अंगावर त्याचे विभव एक व्होल्टपर्यंतही चढू शकते. म्हणजे शोधावयाचा संकेत एक मिलिव्होल्ट, आणि गोंगाट त्याच्या हजारपट. या गोंगाटातून संकेत काढावयाचा कसा?

युक्ती साधी आणि सुंदर आहे. स्नायूवर, त्याच्या तंतूंच्या दिशेने, दोन सेंटिमीटर अंतरावर दोन चकत्या लावावयाच्या. तिसरी संदर्भासाठी कोपराच्या हाडावर, जेथे स्नायू नाही. भिंतीतला गोंगाट पहिल्या दोन्ही चकत्यांवर सारखाच पडतो; स्नायूची लाट मात्र एकीवर आधी आणि दुसरीवर नंतर पोहोचते. तेव्हा दोहोंची वजाबाकी केली की सारखे ते निघून जाते आणि वेगळे ते उरते. ही वजाबाकी करणारा विवर्धक आज एका लहान चकतीच्या रूपाने बाजारात मिळतो. एडी ६२० ही त्याची एक परिचित जात. त्याची समान विभव नाकारण्याची शक्ती १०० डेसिबेल, म्हणजे एक लाखपट, धरली, तर एक व्होल्टच्या गोंगाटातून १० मायक्रोव्होल्ट उरतात. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. लॉगॅरिथम कशाला शिकावयाचे, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारीत नाही.

पण ही वजाबाकी तेव्हाच साधते, जेव्हा दोन्ही चकत्यांखालची त्वचा सारख्याच प्रमाणात स्वच्छ असते. एक चकती नीट बसली आणि दुसरी अर्धवट सुटली, तर गोंगाटही विषम होतो आणि वजाबाकीत टिकून राहतो. द्यु ब्वा-रेमाँचे फोड येथे आठवतात.

दुसरा पेच विवर्धनाचा. एक मिलिव्होल्टचा व्होल्ट करावयाचा तर हजारपट विवर्धन हवे. उत्साही विद्यार्थी पहिल्याच टप्प्यात हजारपट करू पाहतो आणि संकेत पार नाहीसा होतो. कारण धातू आणि त्वचा यांच्या संयोगाने चकत्यांवर व्होल्टचा दशांश किंवा त्याहूनही अधिक स्थिर विभव साचलेला असतो. दशांश व्होल्टची हजारपट म्हणजे शंभर व्होल्ट. नऊ व्होल्टच्या बॅटरीने ते द्यावेत कोठून? विवर्धक बिचारा छताला टेकून बसतो. म्हणून पहिल्या टप्प्यात दहा-वीसपट, मग धारित्र घालून स्थिर विभव अडवायचे, आणि उरलेले विवर्धन पुढे. (व्होल्टाचे म्हणणेही खरे होते असे मी वर म्हटले ते यासाठीच. त्याची धातूची विद्युत् आजही गॅल्व्हानीच्या विद्युतेला अडथळा करीत असते.) त्यानंतर सुमारे २० हर्ट्‌झच्या खालचे आणि ४५० हर्ट्‌झच्या वरचे सारे गाळून टाकले की हातात राहतो तो बहुतांशी स्नायूचा आवाज.

एकदा एका गटाच्या पडद्यावर मूठ मोकळी असतानाही दर सेकंदास एक टोकदार उसळी दिसू लागली. मंडल तपासून मुले थकली. पाहिले तो एक चकती उजव्या हातावर आणि दुसरी डाव्या हातावर लावलेली. दोहोंच्या मध्ये हृदय होते. त्या दिवशी यंत्रमानव बाजूस राहिला आणि नाडी व हृदयालेख यांवर तास झाला. अभ्यासक्रमाच्या चौकटीत असा तास बसवता येत नाही. तो आपला आपण येतो.

हा संकेत पुढे सूक्ष्मनियंत्रकाकडे जातो. इटलीतील इव्हरेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठीच तयार झालेला आर्डुइनो हा फलक आम्ही वापरतो. तो दर सेकंदास हजार वेळा संकेत मोजतो आणि प्रत्येक मापनास ० ते १०२३ यांतील एक अंक देतो. मुलांना वाटते, आता सरासरी काढली की झाले. ती सरासरी काढतात आणि मूठ कितीही आवळली तरी उत्तर जवळजवळ तेच येते. संकेत मध्यरेषेच्या वर जितका जातो तितकाच खालीही जातो. बेरजेत दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. हा धक्का मी मुलांना आधी सांगून वाचवीत नाही. ऋण चिन्ह काढून मगच सरासरी घ्यावी, किंवा वर्ग करून सरासरीचे वर्गमूळ घ्यावे, हे त्यांचे त्यांना सुचते. आणि पुस्तकातील 'वर्गमध्यमूळ' हा भयंकर शब्द एकाएकी ओळखीचा होतो.

सरासरी किती मापनांची घ्यावी, यातही तडजोड आहे. दोनशे मापनांची घेतली तर संकेत शांत व स्थिर दिसतो, पण उत्तर सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत मागे रेंगाळते. सेकंदास ३० सेंटिमीटर चालणारे यंत्र तेवढ्यात ६ सेंटिमीटर पुढे जाते, आणि तेवढ्यात ते टेबलावरून पडू शकते. वीस मापनांची घेतली तर यंत्र चपळ होते, परंतु पिसाट. यांपैकी बरोबर कोणते, याला पुस्तकी उत्तर नाही. टेबल किती मोठे, यंत्र किती वेगवान, आणि चालविणारा किती धीराचा, यांवर ते अवलंबून.

यानंतर येतो उंबरठा. संकेत किती वाढला म्हणजे मूठ आवळली असे समजावे? येथे एक प्रसंग सांगणे आवश्यक वाटते. एका गटात कबड्डी खेळणारा धष्टपुष्ट मुलगा होता. त्याच्या हातावर यंत्र उत्तम चालू लागले आणि त्याच्याच मुठीवरून उंबरठ्याचा आकडा कायम झाला. मग आठवीतील एका बारीक चणीच्या मुलीची पाळी आली. तिने दात-ओठ खाऊन मूठ आवळली, तरी चाक हलेना. दोनतीन मुले हसली. "तुझ्यात जोरच नाही," असा निर्णयही झाला. मी काही न बोलता पडद्याकडे बोट दाखविले. तिचा संकेत लहान होता, पण मोकळी मूठ आणि आवळलेली मूठ यांतील फरक तिच्या बाबतीत त्या मुलाइतकाच स्वच्छ होता. उणीव तिच्या हातात नव्हती, आकड्यात होती. त्वचेखालील मेदाचा थर, चकतीची जागा, हाताचा घेर, या सर्वांवर संकेताचे मान ठरते. केवळ ताकदीवर नव्हे.

मग मुलांनी रीत बदलली. यंत्र चालू होताच चालविणाऱ्याने पाच सेकंद हात सैल सोडावा, नंतर तीनदा पूर्ण जोराने मूठ आवळावी. यंत्राने त्यातून त्याचे स्वतःचे किमान व कमाल मान टिपावे आणि त्या दोहोंमधील अंतराच्या चाळीस टक्क्यांवर चाक सुरू करावे, पंचवीस टक्क्यांखाली थांबवावे. चालू करण्याचा आणि थांबविण्याचा आकडा निराळा ठेवला नाही तर यंत्र सीमेवर अडखळत राहते. घरातल्या शीतपेटीची मोटारही याच नियमाने वागते. ही सुधारणा सुचविणाऱ्यांत ती मुलगी होती आणि तो कबड्डीपटूही होता. कारण अर्ध्या तासाने त्याचाही हात थकला आणि त्याचे मान बदलले. थकलेल्या स्नायूचा संकेत मंदगती होतो, त्यातील कंप्रता खाली सरकते, हे त्यांनी नंतर आलेखावर पाहिले.

आता चाकांविषयी. दोन मोटारी, दोन चाके आणि टेकू म्हणून एक सुटे चाक, एवढाच आमचा यंत्रमानव. उजवी मूठ डाव्या चाकाला जोडावयाची आणि डावी मूठ उजव्या चाकाला. डावे चाक एकटे फिरले की यंत्र उजवीकडे वळते; म्हणून उजवीकडे जावयाचे तर उजवी मूठ. दोन्ही मुठी म्हणजे सरळ पुढे. दोन्ही सैल म्हणजे थांबणे. मेंदूचा डावा भाग उजव्या अंगाला चालवितो, त्याच्याशी याचे साम्य एखादे चौकस मूल लगेच दाखविते. साम्य वरवरचे आहे, पण चर्चेला पुरेसे.

चालत्या यंत्राची ही परंपरा मुळात शरीरविज्ञानाच्याच घरातली आहे, हे सहसा सांगितले जात नाही. ब्रिस्टलचे ग्रे वॉल्टर हे मेंदूच्या विद्युत्‌लहरींचे अभ्यासक. त्यांनी १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी नावाची दोन यांत्रिक कासवे तयार केली. प्रत्येकात दोनच निर्वात नलिका, एक प्रकाशाचे आणि एक स्पर्शाचे संवेदन. तेवढ्यावर ती दिव्याकडे जात, अडथळा चुकवीत. चेतापेशींची संख्या थोडी असूनही वागणे गुंतागुंतीचे असू शकते काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्या कासवांवरून नाव घेऊन सीमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेत मुलांसाठी संगणकाच्या आज्ञेवर चालणारे कासव आणले. पॅपर्ट यांचा आग्रह असा की मुलाने भूमिती आपल्या शरीराने समजून घ्यावी : मी कासव आहे, मला चौकोन चालावयाचा आहे, तर कोठे वळू? स्नायुसंकेताच्या यंत्रात तो आग्रह अक्षरशः खरा होतो, कारण आज्ञा शरीरातूनच निघते.

उणिवा सांगितल्या नाहीत तर हे विक्रेत्याचे भाषण होईल. सर्वांत मोठा दोष सुटलेल्या तारेचा. चकती निघाली की ती तार हवेतला ५० हर्ट्‌झचा गोंगाट भरभरून घेते. यंत्राला तो प्रचंड जोराने आवळलेली मूठ वाटतो आणि ते सुसाट सुटते. संकट आले असता यंत्राने थांबावे, धावू नये, हा अभियांत्रिकीचा जुना दंडक. तेव्हा संकेत टिपलेल्या कमाल मानाच्या फार वर गेला तर मोटारी बंद, अशी अट आज्ञावलीत घालावीच लागते. दुसरा उपद्रव मोटारींचा. त्यांच्या ब्रशांतील ठिणग्या संकेतात घुसतात. मोटारीच्या टोकांना लहान धारित्र लावणे, तिची बॅटरी वेगळी ठेवणे, आणि माणूस व यंत्र यांत तारेऐवजी बिनतारी दुवा ठेवणे, हे उपाय.

सुरक्षिततेविषयी मात्र तडजोड नाही. चकत्या अंगाला लावलेल्या असताना मंडलातील कोणताही भाग भिंतीतल्या विजेला जोडलेला असता कामा नये. संगणक जोडला असेल तर त्याचा चार्जर काढलेला असावा. चकत्या छातीवर लावू नयेत, एकाची चकती दुसऱ्याने वापरू नये, आणि हृदयगती-नियंत्रक बसविलेल्या व्यक्तीवर हा प्रयोग करू नये. हे नियम शिक्षकाने तोंडी सांगून भागत नाही, भिंतीवर लावावेत.

एका उन्हाळी वर्गाच्या अखेरच्या दिवशी पालकांना बोलाविले होते. एका मुलाचे वडील दाबयंत्रावर काम करीत असता त्यांचा उजवा पंजा मनगटाच्या वर तुटला होता. ते मागे उभे होते. मुलगाच त्यांना पुढे घेऊन आला. पंजा नसला तरी बोटे मिटविणारे स्नायू कोपराखाली असतात, आणि त्यांना आज्ञा देणारा मेंदू शाबूत असतो. त्यांनी नसलेली मूठ आवळण्याचा प्रयत्न केला. संकेत क्षीण होता. यंत्राने पाच सेकंद, मग तीन वेळा, असे त्यांचे मान टिपले आणि डावे चाक फिरले. टाळ्या वाजल्या, त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांनी विचारले, "घाम आल्यावर चालेल का हे?" असा अचूक प्रश्न त्या वर्गात महिनाभर कोणी विचारला नव्हता. आमच्या चकत्या घामाने सुटतात, आणि दोन चकत्यांमध्ये घाम पसरला तर वजाबाकी करावयाला फरकच उरत नाही. म्हणून खऱ्या कृत्रिम हातात चिकट चकत्यांऐवजी घट्ट खोबणीच्या आतच धातूची अग्रे बसविलेली असतात. मी हे त्यांना सांगितले, आणि आमचे यंत्र म्हणजे कृत्रिम हात नव्हे हेही स्पष्ट सांगितले. "ते दिसतंच आहे," ते म्हणाले, आणि मुलाला त्यांनी मंडल उघडून दाखवावयास लावले.

स्नायुसंकेतावर चालणाऱ्या हाताचा इतिहासही असाच चिकाटीचा आहे. जर्मनीत राइनहोल्ड राइटर यांनी १९४८ मध्ये त्याची पहिली माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे यंत्र निर्वात नलिकांचे असल्यामुळे टेबलापासून हलविता येत नव्हते. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६० च्या सुमारास, मॉस्कोमध्ये बॅटरी कमरेला बांधून वापरण्याजोगा हात तयार झाला. आज अनेक अग्रांच्या संकेतांचे आकृतिबंध ओळखून निरनिराळ्या पकडी साधणारे हात आहेत. पण त्यांच्या मुळाशी वजाबाकी, गाळणी, सरासरी आणि उंबरठा हीच चौकडी असते.

आता निधीकडे वळतो. केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून सुरू झाल्या. पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांतून अशा आणखी ५० हजार उभारण्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले आहे. पैसा आणि साहित्य शाळांकडे येऊ लागले आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु काही शाळांतून मी पाहिले की कपाटात सुंदर खोके आहेत, किल्ली कार्यालयात आहे, आणि एक भाग हरवला म्हणून सारा संच निकामी पडला आहे. तयार वस्तूचे आयुष्य तिच्या उत्पादकाच्या हाती असते. हातावर घालावयाचा 'मायो' नावाचा स्नायुसंकेतांचा कॅनेडियन पट्टा एके काळी प्रयोगशाळांत फार लोकप्रिय होता. २०१८ साली त्याची विक्री थांबली. लेगोच्या यंत्रमानव-संचांची 'माइंडस्टॉर्म्स' ही प्रसिद्ध मालिका १९९८ मध्ये निघाली आणि २०२२ च्या अखेरीस बंद झाली. या वस्तू वाईट नव्हत्या. पण ज्या मुलाने विवर्धक स्वतः जोडला आहे त्याला एक चकती मिळेनाशी झाली तर दुसरी शोधता येते. ज्याने फक्त कळ दाबली आहे, तो दुकानदाराच्या दूरध्वनीची वाट पाहतो. आमच्या एका गटाच्या साहित्याचा खर्च दोन-तीन हजार रुपयांच्या घरात जातो. एका झळझळीत खोक्याच्या किमतीत असे कित्येक गट बसतात.

ज्या शहरात आपण हे बोलत आहोत त्याने हा विचार पूर्वीच केला आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन उभे राहिले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा कटाक्ष असा की उद्योगाचे शिक्षण मातृभाषेतून आणि प्रत्यक्ष कामातून मिळावे. दादासाहेब फाळके येथलेच विद्यार्थी. त्या काळी रंगकाम, विणकाम, यंत्रकाम हे विषय. आज विवर्धक आणि सूक्ष्मनियंत्रक. मराठीतून शिकणाऱ्या मुलांना विज्ञान कळते पण यंत्र जमत नाही, असा एक समज पालकांत रुजत चालला आहे, आणि शाळेची पटसंख्या घटण्यात त्याचा वाटा आहे, हे येथे उघड बोलावयास हरकत नसावी. उंबरठा, गाळणी, वजाबाकी हे शब्द वापरून ज्या मुलीने आपले मंडल इंग्रजी माध्यमाच्या पाहुण्या विद्यार्थ्यांना समजावून सांगितले, तिला मी पाहिले आहे. तिला शब्द कमी पडले नाहीत. विवर्धकाला ती 'मोठा करणारा' म्हणत होती, आणि मला त्यात काही गैर वाटले नाही.

संचालक मंडळाला माझी सूचना एवढीच की, निधीचा पहिला हप्ता डाखण्याची उपकरणे, मापके, सुटे भाग आणि कुलूप नसलेली कपाटे यांवर खर्च करावा, आणि सुट्टीतील वर्गासाठी शिक्षकांना मानधन द्यावे. तयार संचांचा विचार दुसऱ्या वर्षी. मंडलाची आकृती मराठी नावांसह काढून मी विज्ञान प्रयोगशाळेत ठेवली आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना ती घरी मुलानातवंडांबरोबर बांधावयाची असेल त्यांनी तिची प्रत न्यावी. चकत्या औषधांच्या दुकानात मिळतात. बॅटरी नऊ व्होल्टची घ्यावी, आणि पहिल्या दिवशी चाके जोडू नयेत. आधी पडद्यावर नुसती मूठ पाहावी.